व्हिडिओवर हसलेल्या माझ्या घरच्यांसाठी

आज सकाळी डबा भरत होते, तेवढ्यात घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ येऊन पडला. कुठल्या गावचा माहीत नाही. बारा-तेरा वर्षांची मुलगी, केस मोकळे, अंगणात बसवलेली. घोगऱ्या, बाप्याच्या आवाजात बोलतेय. एक जण तिचे केस मुठीत धरून ओरडतोय, "कोण हाईस तू? नाव सांग!" आणि खाली माझ्या सख्ख्या काकांनी हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग लावलेली. चुलतभावानं लिहिलं, "मल्टिपल पर्सनॅलिटी! सिनेमात असते तीच." मग बाकीचेही हसले.

भाजी करपली माझी. शाळेत दोन तास कसे घेतले ते माझं मला माहीत. आता मुलं झोपली आहेत, लिहिते. लांब होणार आहे.

काका, तुमच्या सख्ख्या भाचीचे केस असेच धरले होते. २००४ साली, आत्याच्या अंगणात. तुम्ही तिथं होता. मीही होते.

ती भाची म्हणजे माझी ताई, तिला विचारून लिहितेय हे. तिचं नाव लिहीत नाही, गाव लिहीत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

ताईची लेक सहा वर्षांची झाली त्या वर्षी हे सगळं वर आलं. चांगली हसतीखेळती बाई, शिवणकाम करायची, घर सांभाळायची. एकाएकी दुपारी लहान पोरीसारखी बोबडं बोलायला लागली. कधी दार लावून बसायची आणि आतून भलत्याच जरबेच्या आवाजात "आत यायचं नाही" म्हणायची. तासाभरानं बाहेर यायची तेव्हा तिला काही म्हणजे काही आठवायचं नाही. "मी कधी झोपले?" एवढंच विचारायची. घरात म्हणाले, लागीर झालंय. देवऋषी आला, उतारे झाले, अंगारा झाला, गंडा बांधला. शेवटी मिरच्यांची धुरी. मी तेव्हा कॉलेजात होते, पडवीत उभी होते आणि एक शब्द बोलले नाही. त्या धुरानं माझेही डोळे चुरचुरले होते. तिच्या डोळ्यांचं काय झालं असेल?

या सगळ्याला आज आपल्या राज्यात गुन्हा म्हणतात. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात २० ऑगस्ट २०१३ ला खून झाला, आठवड्याभरात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, केस उपटणं, चटके देणं, मिरचीची धुरी हे सगळं त्यात नावानिशी लिहिलेलं आहे. ६ महिने ते ७ वर्षं कैद. माणूस गेला तेव्हा कायदा आला, आणि आपण तो व्हिडिओ हसत पुढं पाठवतोय.

अंगात येणं म्हणजे आजारच, असं मी म्हणत नाही. आमच्या आजीच्या अंगात नवरात्रात यायचं. घुमायची, मळवट भरायचे, आणि झालं की पदर खोचून पुरणाचं बघायला जायची. तिला त्याचा त्रास नव्हता, कुणाला भीती नव्हती. डॉक्टरांची पुस्तकंही तेच म्हणतात, रूढीत बसणारं, आपल्या इच्छेनं आलेलं, त्रास नसलेलं असेल तर त्याला आजार म्हणू नये. ठीक. पण ताईचं तसं नव्हतं. ताई दिवसच्या दिवस हरवत होती.

बरं, देवऋषी झाला. मग डॉक्टर तरी काय झाले? आधी फिटचे डॉक्टर. डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढला, तो नॉर्मल. ते करायला हवंच होतं, मिरगीतही माणूस असा हरवतो, मान्य. मग एका मोठ्या शहरातले मानसोपचारवाले. बाहेर साठ माणसं बसलेली, आत पाच मिनिटं. "आवाज ऐकू येतात का?" ताई म्हणाली, येतात. झालं. स्किझोफ्रेनिया. जाडजूड गोळ्या. ताईचे हात इतके थरथरायचे की पोळी लाटता यायची नाही, लाटणं पोळपाटावर खडखड वाजायचं. तोंडातून लाळ गळायची, लेक रुमाल घेऊन मागं मागं फिरायची. आणि आवाज? ते होते तसेच.

कुणी हे विचारलंच नाही की आवाज कुठून येतात, बाहेरून की डोक्याच्या आतून. कधीपासून येतात. ताईला ते लहानपणापासून आतून येत होते आणि तिला वाटायचं सगळ्यांनाच येतात. एवढ्यावरून निदान होत नाही हे मलाही कळतं, पण निदान विचारा तरी!

आणि हा घोळ आपल्या भाषेतही आहे. स्किझोफ्रेनिया हा शब्द ब्लॉयलर नावाच्या स्विस डॉक्टरनं १९०८ साली केला, ग्रीकमधले 'फुटणं' आणि 'मन' जोडून. आपण त्याचं छिन्नमनस्कता केलं, वर्तमानपत्रांनी दुभंगलेलं मन केलं, आणि लोक समजले एका अंगात दोन माणसं. तो आजार वेगळा, हा वेगळा. तिकडं भास होतात, संशय पक्के होतात, विचारांची गाडी रुळावरून घसरते. इकडं मधला काळच पुसला जातो. ज्याला तुम्ही मल्टिपल पर्सनॅलिटी म्हणून हसलात, त्याला अमेरिकेतल्या मनोविकारांच्या पुस्तकात १९८० साली स्वतंत्र जागा मिळाली आणि १९९४ साली त्यांनी ते नाव बदलून डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर केलं. कारण एका देहात अनेक माणसं राहतात असं नसतंच. एकच माणूस असतो, तो लहानपणी एकसंध विणलाच गेलेला नसतो. २०१३ साली त्यांनी व्याख्येत हेही घातलं की काही समाजांत हा आजार 'बाधा झाली' अशा रूपात दिसतो. आपल्याकडं इतकी वर्षं अंगणाअंगणांत दिसत होता, तेव्हा आपण काय करत होतो? धुरी.

ताईला बरोबर निदान मिळालं २०१५ साली. ११ वर्षं. एक डॉक्टरीणबाई भेटल्या, नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. त्यांनी आवाजाचं विचारलंच नाही आधी. विचारलं, "घरात अशी एखादी वस्तू सापडते का, जी तुम्ही आणल्याचं तुम्हाला आठवत नाही?"

ताई ढसाढसा रडली. मी शेजारी बसले होते. ती म्हणाली, तांदळाच्या डब्यात बांगड्या आहेत. हिरव्या काचेच्या पाच बांगड्या, लहान मुलीच्या मापाच्या, आणि रंगीत खडूंची पेटी. कुणी आणल्या तिला माहीत नव्हतं. फेकवतही नव्हत्या. दर वेळी तांदूळ काढताना हात लागायचा आणि ती डबा परत मिटायची. ११ वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनं नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर पुन्हा धुरी झाली असती.

मग बाईंनी २८ प्रश्नांचा एक कागद भरून घेतला. त्यात असले प्रश्न असतात की प्रवासात मधला भाग आठवत नाही असं होतं का, आरशात आपणच अनोळखी वाटतो का. कागदानं निदान होत नाही, तो फक्त दार दाखवतो. खरं काम पुढच्या तीन-चार भेटींत झालं, तास तासभर. ताईनं किराण्याच्या हिशेबाची वही नेली होती. त्यात तीन अक्षरं. एक ताईचं, तिरकं, बारीक. एक इतकं दाबून लिहिलेलं की मागच्या पानावर हात फिरवला तर उठाव लागतो. आणि एक मोठं, ओळी सोडून जाणारं, शिरोरेषा नसलेलं. पहिलीतल्या मुलीचं. मी रोज पहिलीचे पेपर तपासते, मला ते अक्षर कळतं. त्यात लिहिलं होतं, "साखर १ किलो. मी आहे."

सिनेमात काय दाखवतात? खून. डोळे फिरवणं. दुसरा माणूस म्हणजे राक्षस. अहो, ताईनं सगळ्यात जास्त इजा कुणाला केली असेल तर स्वतःला.

हे असं का होतं ते लिहिताना माझा हात थांबतोय. लहान मूल पाच-सहा वर्षांचं असतं तेव्हा 'मी' हे अजून घट्ट बसलेलं नसतं. त्या वयात घरातलाच माणूस पुन्हा पुन्हा छळत असेल आणि पळायला जागा नसेल, तर ते मूल मनातून पळतं. हे माझ्याबरोबर होत नाही, दुसऱ्या कुणाबरोबर तरी होतंय. ती दुसरी मग आतच राहते, त्याच वयाची. ताई सहा वर्षांची होती. लेक सहाची झाली आणि दार उघडलं. तो माणूस आता हयात नाही. त्याच्या तेराव्याला आपण सगळे जेवलो. आत्याला संशय होता, आजीला होता. मी रागानं लिहायला बसले होते, आता रागही येत नाहीये, नुसतं गळ्याशी आलंय. बालकांच्या लैंगिक छळाबद्दल २०१२ साली पॉक्सो कायदा आला, आम्हाला शाळेत त्याचं प्रशिक्षण झालं, आणि मी दोन दिवस पहिल्या बाकावर बसून फक्त ताईचा विचार करत होते.

सगळेच डॉक्टर हा आजार मानत नाहीत, तेही लिहून टाकते. अमेरिकेत मधल्या काळात याची लाटच आली होती, संमोहन करून पेशंटच्या डोक्यात नसलेल्या आठवणी घातल्या गेल्या, कोर्टकज्जे झाले. खरं आहे ते. म्हणून तर शहाणा थेरपिस्ट खोदत नाही. ताईच्या बाईंनी पहिलं दीड वर्ष 'तेव्हा काय झालं' हे विचारलंच नाही. आधी झोप, आधी ब्लेड घरातून बाहेर, आधी हरवायला लागली की पाय जमिनीला टेकवून आजची तारीख मोठ्यानं म्हणायची. कापराची वडी पर्समध्ये, वासानं भानावर यायला. या आजारावर म्हणून वेगळी गोळी नाही, उदासीला आणि झोपेला तेवढी देतात. जुन्या गोळ्या बाईंनी हळूहळू, आपल्या देखरेखीखाली कमी केल्या. (माझं वाचून कुणी गोळ्या बंद करू नका, स्किझोफ्रेनिया असेल तर त्या गोळ्यांनीच माणूस उभा राहतो.) मग आठवणी, घासाघासानं. मग आतल्या सगळ्यांची एकमेकांशी ओळख. हाकलायचं कुणालाच नाही. बुवानं नेमकं उलटं केलं होतं. "नाव सांग आणि निघून जा." कुठं जाईल ती? सहा वर्षांची पोर आहे, तिचं घर तेच आहे.

दुपारी ताईला फोन केला की लिहू का. म्हणाली, "लिही. फक्त छोटीला भूत म्हणू नकोस, तिला वाईट वाटतं."

ताई आज शिवणकाम करते, लेकीचं लग्न ठरवतेय. पूर्ण बरी? नाही. अजून कधी कधी दुपार हरवते. पण हरवलेल्या दुपारचं वहीत लिहिलेलं असतं. बांगड्या आता डब्यात नाहीत, देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात आहेत, सगळ्यांना दिसतील अशा. हे व्हायला इतकी वर्षं आणि आठवड्याला एक तास लागला, आणि तो तास परवडायला तिनं किती ब्लाउज शिवले ते मला माहीत आहे. २०१७ च्या कायद्यानं विमा कंपन्यांना मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरायला सांगितलंय. तरी ताईचा एक रुपया परत आला नाही, कारण ती भरती नव्हती. बोलून बरं होणाऱ्या आजाराला खाट कशाला लागते?

कुणाच्या घरी असं काही चालू असेल तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. बुवाला बोलवायच्या आधी करा.

काका, तो व्हिडिओ ग्रुपवरून काढा. मी रिपोर्ट केलाय, पण तुम्ही काढा. त्या पोरीच्या हातात हिरव्या बांगड्या आहेत, नीट बघा. रविवारी वास्तुशांतीला मी ताईला घेऊन येणार आहे. ती तुमच्या पाया पडेल, नेहमीसारखी. तेव्हा तिच्याशी दोन शब्द बोला.