ताणाची निगा कशी राखावी

कामाचा ताण ही वर्षानुवर्षांच्या मेहनतीने जमवलेली मिळकत असते. ती एखाद्या समुपदेशकासमोर पाऊण तासात उधळून टाकणे शहाण्या नोकरदाराला शोभत नाही. आपल्या कोल्हापुरात आपण शिरोलीच्या फौंड्रीत उत्पादन सांभाळत असा, शाहूपुरीतल्या बँकेत शाखाधिकारी असा किंवा ताराबाई पार्कात बसून अमेरिकेच्या घड्याळाप्रमाणे जागणारे संगणक अभियंते असा, थोडी पथ्ये पाळल्यास आपला ताण निवृत्तीपर्यंत सुखरूप राहील.

दुखणे नेहमी चारचौघांत, शक्यतो चहाच्या गाड्यावर मांडावे. 'झोप लागत नाही' असे म्हणताच एक जण रंकाळ्याला दोन फेऱ्या मारायला सांगेल, दुसरा तांबडा रस्सा ओरपायला, आणि तिसरा 'भावा, टेन्शन घ्यायचं नाही, द्यायचं' हे शास्त्र शिकवेल. आपल्या साहेबांनी ते शास्त्र केव्हाच आत्मसात केले असल्यामुळे घेणारा कोणीतरी उरणे भाग आहे, हा बारकावा तिथे काढू नये. प्रशिक्षित समुपदेशक मात्र आधी प्रश्न विचारतो आणि मग गप्प बसून ऐकतो. ऐकण्यापेक्षा ऐकवण्याची परंपरा थोर असलेल्या आपल्या गावात अशा माणसाचा संशय यायलाच हवा.

कंपनीने रविवारी सकाळी ताणनिवारण शिबिर ठेवल्यास अवश्य जावे, कारण तिथे हजेरीपत्रक असते. दीर्घ श्वास घेताना 'माल अजून का सुटला नाही' असा फोन आलाच, तर श्वास रोखून उत्तर द्यावे. त्याला कुंभक म्हणता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'बर्नआउट', म्हणजे कामाने पार गळून जाणे, हा आजार म्हणून नव्हे, तर कामाशी निगडित घटना म्हणून नोंदवला आहे, आणि कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा, नीट न हाताळलेला ताण हे त्याचे मूळ सांगितले आहे. शिबिरातले वक्ते 'ताण' हा शब्द ठेवतील आणि 'कामाच्या ठिकाणचा' हे शब्द गाळतील. आपणही गाळावेत, नाहीतर श्वास कोणी सुधारायचा आणि वेळापत्रक कोणी, असा अप्रिय प्रश्न उभा राहतो. याच संघटनेने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसह २०२१ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के अधिक असतो; पण वार्षिक पगारवाढीची टक्केवारी पाहता, एवढी वाढ मिळाल्याचे समाधान मानावे.

एवढे करूनही मन ऐकेनासे झाले, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. तो मोबाईलमध्ये 'गॅस एजन्सी' या नावाने साठवावा. प्रत्यक्ष समुपदेशकाकडे जाण्याची वेळ आलीच, तर दुचाकी दोन गल्ल्या अलीकडे, एखाद्या दातांच्या दवाखान्यासमोर लावावी. दात दुखण्याला आपल्याकडे कोणी नावे ठेवत नाही.

रजेच्या अर्जात 'मानसिक थकवा' असे चुकूनही लिहू नये, कारण त्यावर खुलासा मागवला जातो. 'पित्त' लिहावे. कोल्हापुरात पित्तावर कोणीही अविश्वास दाखवत नाही. रजा तत्काळ मंजूर होईल आणि साहेब स्वतः फोन करून, मिसळीवर कट जरा बेतानेच घेत चला, असा आपुलकीचा सल्ला देतील.