‘जिद्द असेल तर वजन उतरतंच’ : एका फॉरवर्डचा पंचनामा

दिवाळीचा फराळ संपला की एकदा आणि ३१ डिसेंबरच्या आसपास पुन्हा एकदा, असा वर्षातून दोनदा हा मेसेज हमखास येतो. सोसायटीच्या ग्रुपवर येतो, माहेरच्या ग्रुपवर येतो, शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर तर एकाच दिवशी तिघं टाकतात. वर उगवत्या सूर्याचं चित्र, खाली मजकूर. थोडक्यात असा: सलग २१ दिवस नेटाने करा, शरीराला सवय लागते. एक दिवस जरी चुकला तर मोजणी पुन्हा एकपासून. काटा हलत नसेल तर तुम्ही मनापासून करत नाही. उतरलेलं वजन परत चढलं म्हणजे इच्छाशक्ती कच्ची. थायरॉइड वगैरे सगळ्या सबबी. सुटलेल्या पोटाचा फोटो फ्रिजवर लावा, लाज वाटली की तोंड आपोआप बंद होतं. आणि शेवटी ठळक अक्षरांत: जिद्द असेल तर वजन उतरतंच.

यातली मेख बघा. वजन उतरलं तर श्रेय मेसेजचं, नाही उतरलं तर दोष तुमचा. असा सल्ला कधी खोटा ठरूच शकत नाही. सुरुवातीला उत्साह लागतो, चार जण सोबत असले की सकाळी अंथरूण सोडवतं, हे मान्य. बाकीचं एकेक वाक्य घेऊ.

‘सलग २१ दिवस केलं की सवय लागते’

हा आकडा वजनाच्या अभ्यासातून आलेलाच नाही. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. नाकाची किंवा चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातलं नवं रूप आपलंसं वाटायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी १९६० मध्ये लिहिलं. त्यातला ‘किमान’ पुढे गळून पडला आणि नाकाचा हिशेब पोटाला लागू झाला.

सवय लागायला खरंच किती दिवस लागतात, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर १२ आठवडे पाहिलं. जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, थोडा व्यायाम अशी साधी कामं होती. मध्यक आला ६६ दिवसांचा, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाचा हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. पाणी पिण्याची सवय लवकर लागली, व्यायामाला बराच जास्त वेळ लागला. म्हणजे बाविसाव्या दिवशी पहाटे साडेपाचचा गजर नकोसा वाटत असेल, तर तुमच्यात काही बिघडलेलं नाही. मेसेजने दिलेली मुदत चुकीची आहे, एवढंच.

‘एक दिवस चुकला तर मोजणी पुन्हा एकपासून’

सगळ्या मेसेजमध्ये सगळ्यात घातक वाक्य हेच. लॅलींच्याच अभ्यासात असं दिसलं की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. पण एवढ्यावर हे संपत नाही, कारण चुकलेल्या दिवसापेक्षा त्या दिवसाचा आपण जो अर्थ लावतो तो जास्त महाग पडतो.

१९७५ मध्ये हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. विद्यार्थिनींपैकी काहींना आधी मिल्कशेक दिला, काहींना दिला नाही. मग सगळ्यांसमोर आइस्क्रीम ठेवून ‘चव कशी आहे ते सांगा’ म्हटलं. ज्या एरवी खाण्यावर बंधन घालत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. पोट भरलं होतं, साहजिक आहे. पण ज्या डाएटवर होत्या, त्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर जास्त आइस्क्रीम खाल्लं. नियम मोडलाच आहे, आता काय राहिलंय!

हे आपल्या घरात बघायला प्रयोगशाळा लागत नाही. गणपतीत दुपारी कुणाकडे आरतीला गेलो, उकडीचा मोदक ताटात आला, वर तुपाची धार पडली. एक मोदक खाल्ला म्हणून वर्षाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते घरी आल्यावर: ‘आजचा दिवस गेलाच आहे, आता सोमवारपासून बघू’ म्हणून रात्री जेवण, नंतर चिवडा, शेजारून आलेल्या प्रसादातले दोन पेढे. आणि गणपतीतला सोमवार म्हणजे अनंत चतुर्दशीनंतरचा सोमवार, मग पितृपक्ष, मग नवरात्राचे उपास. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ हे आपल्या पूर्वजांना हर्मन-मॅकच्या कितीतरी आधी कळलं होतं. पुन्हा एकपासून मोजायला लावणारा मेसेज हेच ‘सोमवारपासून’ छापून देतो.

‘काटा हलत नाही म्हणजे तुम्ही मनापासून करत नाही’

पहिल्या आठवड्यात दोन-अडीच किलो उतरतात तेव्हा सगळे खूश असतात. त्यातली चरबी थोडी, पाणी जास्त. शरीर यकृतात आणि स्नायूंत साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, ठेवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा वापरला जातो आणि पाणी बाहेर पडतं. म्हणून सुरुवात झोकात होते आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा रुसल्यासारखा वाटतो. आदल्या रात्री पापड-लोणच्याचं जेवण झालं, किंवा पाळी जवळ आली, तरी एक-दीड किलो वर दिसतं. त्याचा जिद्दीशी काय संबंध?

पुढे काही महिन्यांनी खरा थांबा येतो आणि त्याचं कारण वेगळं असतं. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे केविन हॉल यांच्या गटाचा अंदाज असा: वजन एक किलोने उतरलं की शरीराचा रोजचा खर्च २० ते ३० कॅलरींनी घटतो, पण भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. पाच किलो उतरवलेल्या माणसाला रोज पाचशे कॅलरींची, म्हणजे चार-पाच पोळ्यांची जादा भूक. तो ती पूर्ण खात नाही, बरीचशी मारतोच. पण थोडी कुठून ना कुठून आत शिरते, आणि कुठून ते त्याच्याही लक्षात येत नाही.

फोडणीचं उदाहरण घ्या. सुरुवातीच्या उत्साहात तेल चमच्याने मोजलेलं असतं. दोन महिन्यांनी चमचा डब्यातच राहतो आणि बाटली वाकडी होते. एक मोठा चमचा तेल म्हणजे सव्वाशे कॅलरींच्या आसपास, आणि भाजी, आमटी, कोशिंबीर अशा तीन फोडण्या दिवसातून दोनदा. शिवाय पातेल्यात उरलेले दोन घास, मुलाच्या ताटातला अर्धा पराठा. घरातली बाई हे ‘खाल्लं’ असं धरतच नाही, तिच्या लेखी ते अन्न वाया न घालवणं असतं. काटा थांबला की स्वतःला कोसण्यापेक्षा आठवडाभर तेल परत चमच्याने मोजावं. निदान काहीतरी कळतं.

‘परत वाढलं म्हणजे इच्छाशक्ती कच्ची’

इच्छाशक्तीचीच परीक्षा बघायची तर अमेरिकेतल्या मिनेसोटाला जायला हवं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४-४५ मध्ये, अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांवर उपासमारीचा अभ्यास केला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला नकार देणारे हे तरुण, तत्त्वासाठी स्वतःहून पुढे आलेले. यांच्या जिद्दीवर कोण शंका घेणार? २४ आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,६०० कॅलरी दिल्या. वजन जवळपास चतुर्थांश उतरलं. पण ही तत्त्वनिष्ठ मंडळी पाककृतींची पुस्तकं वाचत बसायला लागली, ताटल्या चाटायला लागली, चिडचिडी आणि उदास झाली. डोक्यात अन्नाशिवाय काही उरलं नाही. आणि १,६०० हा आकडा परत एकदा वाचा. आपल्याकडे बाराशे कॅलरींचा तक्ता हातात देऊन ‘एवढंही जमत नाही का?’ असं विचारलं जातं.

मेलबर्नमध्ये ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी खाण्यावर ठेवलं होतं. तो अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वजन उतरल्यावर एक वर्ष उलटलं तरी त्यांच्या रक्तातली भुकेची आणि तृप्तीची संप्रेरकं पूर्वपदावर आली नव्हती, शरीर भूक लागल्याचंच सांगत होतं. अमेरिकेतल्या वजन उतरवण्याच्या एका प्रसिद्ध टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. सरासरी ५८ किलो उतरवले होते, त्यातले ४१ परत आले होते. आणि नुसतं बसून राहताना त्यांचं शरीर जितकं जाळेल असा हिशेब होता, त्याहून दिवसाला ५०० कॅलरी कमी जाळत होतं. कॅमेऱ्यापुढे रोज तासन् तास घाम गाळलेल्या माणसांना कच्च्या इच्छाशक्तीची म्हणायचं धाडस फॉरवर्डच करू शकतं.

ताजा पुरावा औषधांचा आहे. २०२५ मध्ये भारतात वजन उतरवणारी इंजेक्शनं आली, आधी मौंजारो आणि मग वेगोवी. वेगोवीतलं सेमाग्लुटाइड हे औषध ६८ आठवडे घेऊन सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोनतृतीयांश परत आलं. सुई टोचली म्हणून कुणाची जिद्द वाढली आणि सुई थांबली म्हणून ती मेली, असं तर झालं नसेल! भूक बदलली होती, ती परत आली. (ही इंजेक्शनं डॉक्टरांशिवाय, केमिस्टच्या ओळखीवर घेण्याचा प्रकार सुरू झालाय, तो मात्र वेडेपणा आहे.)

‘थायरॉइड वगैरे सबबी’

अर्धं खरं, अर्धं खोटं. थायरॉइड मंदावल्याने साधारण दोन ते पाच किलो वाढू शकतात, त्यातही मीठ-पाण्याचा भाग मोठा. वीस किलोंचं खापर त्याच्यावर फोडता येत नाही. पण स्टिरॉइड, इन्सुलिन आणि मानसिक आजारावरच्या काही गोळ्या वजन खरोखर वाढवतात. असा माणूस हा मेसेज वाचून गोळ्या बंद करतो तेव्हा जबाबदारी कोण घेणार?

‘फोटो फ्रिजवर लावा, लाज वाटू द्या’

लाजेची आपल्याकडे काय कमतरता आहे? ‘अगं, किती सुटलीस!’ हे लग्नघरात नमस्काराच्याही आधी ऐकू येतं. शाळेत जाड मुलाला पडलेलं नाव त्याच्या साठीपर्यंत टिकतं. लाजेने वजन उतरत असतं तर मांडवात एकही जाड माणूस दिसला नसता. इंग्लंडमध्ये पन्नाशीपुढच्या जवळपास तीन हजार लोकांना चार वर्षांच्या अंतराने पाहिलं. वजनावरून वाईट वागणूक मिळाल्याचं ज्यांनी सांगितलं, त्यांचं वजन सरासरी ९५० ग्रॅम वाढलं. बाकीच्यांचं सुमारे ७०० ग्रॅम घटलं. शिवाय लाज वाटणारा माणूस आधी काय टाळतो? बागेत चालणं, पोहायला जाणं, डॉक्टरकडे वजन करणं. खाणं नव्हे. खाणं तो दार लावून करतो.

‘जिद्द असेल तर वजन उतरतंच’

मग उत्साह संपल्यावर काय करायचं? तो संपणार हे धरूनच चालायचं. अमेरिकेत १९९४ पासून अशा लोकांची नोंदवही ठेवली जाते ज्यांनी किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षभर तरी टिकवले. दहा हजारांहून जास्त नावं आहेत. त्यातले बहुतेक रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, त्यात सगळ्यात जास्त चालणं. सुमारे तीनचतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. वजन वाढलं की पाच किलोंवर नाही, एका किलोवरच कळावं, एवढाच त्याचा उपयोग. बघायला गेलं तर कंटाळवाणी यादी आहे. उगवत्या सूर्याच्या चित्राखाली शोभणार नाही.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे आधीच ठरवून ठेवलेलं ‘जर-तर’. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय. ‘मी कमी खाईन’ असं मोघम ठरवण्यापेक्षा ‘पाऊस असला तर जिन्याने पाच वेळा वर-खाली’, ‘हळदीकुंकवाला गेले तर लाडू घरी आणून अर्धा उद्या’ असं नेमकं ठरवलेलं जास्त टिकतं. ऐनवेळी मनाला विचारावं लागत नाही. मन त्या वेळी काय उत्तर देतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि काटा हाच एकमेव पुरावा, हे या मेसेजने न बोलता धरलेलं गृहीतक. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. नुसत्या सल्ल्यावर असलेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणं आणि आहार सुधारलेल्यांत ३९ टक्क्यांना. गंमत म्हणजे या दुसऱ्या गटाचं वजन जवळजवळ होतं तेवढंच राहिलं होतं. मेसेजच्या हिशेबाने ही सगळी माणसं नापास!

उलट बाजूही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. आपल्याकडे काटा बरा दिसत असतानाही पोटात चरबी असू शकते.

म्हणून महिन्यातून एकदा कंबर मोजा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप धरायची, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात. पँटच्या नंबरावर भरवसा ठेवू नका. पोट सुटलं की पुरुष पँट बेंबीखाली सरकवतात आणि नंबर वर्षानुवर्षं तोच सांगत राहतात.