फाइव्ह-स्टार पोरं असली की झालं?

अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा सीझन आला की एक मत हमखास कानावर येतं. सामने फळ्यावरच्या फुल्या-गोळ्यांनी जिंकता येत नाहीत, पोरांच्या अंगातल्या दमावर जिंकले जातात. त्यालाच जोडून, अलाबामाचा माजी कोच निक साबान याच्याकडे सगळी फाइव्ह-स्टार पोरं होती (हायस्कुलातल्या खेळाडूंना जाणकार स्टार देतात, पाच म्हणजे सर्वोच्च), त्याच्या जागी कोणीही जिंकला असता. आणि हल्ली तर पोरं पैसे मोजून आणता येतात, मग कोचला कशाला डोक्यावर घ्यायचं?

पहिला मुद्दा, जास्त स्टार तो विजेता. हे निम्मं खरं आहे. टीसीयूच्या (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) टीमचा 2021 चा हिशोब होता 5 विजय, 7 पराभव. पुढच्याच वर्षी नव्या कोचने, सनी डाइक्सने, तिला राष्ट्रीय विजेतेपदाच्या फायनलला नेलं आणि तिथे जॉर्जियाने 65-7 अशी धूळ चारली. तो फरक अंगापिंडाचा आणि वेगाचा होता, कुठल्याही डावपेचाने तो झाकला गेला नसता. पण त्याच 2022 च्या सीझनला टेक्सस ए अँड एम युनिव्हर्सिटीने भरती केलेली पोरं रिक्रूटिंगच्या क्रमवारीत तोवरची सर्वोत्तम मानली गेली होती. टीमने काय केलं? घरच्या मैदानावर लहानशा अ‍ॅपलाचियन स्टेटकडून 17-14 हार, आणि सीझनअखेर 5-7. पुढच्या वर्षी कोच जिम्बो फिशरला काढलं, तेही करारापोटी साडेसात कोटी डॉलरहून जास्त देणं मानगुटीवर घेऊन. (कोचांना असले करार देणाऱ्यांची कीव करावी तेवढी थोडी.)

दुसरा मुद्दा साबानचा. इथे एक साधी गोष्ट विसरली जाते. कॉलेज फुटबॉलमध्ये आयपीएलसारखा लिलाव नसतो, एनएफएल या व्यावसायिक लीगसारखा ड्राफ्टही (टीमनी आळीपाळीने खेळाडू निवडणं) नसतो. सतरा-अठरा वर्षांचा पोरगा स्वतः कॉलेज निवडतो, आणि त्याच्या घरी जाऊन आईबापांना पटवतो तो कोच. साबान 2007 मध्ये अलाबामात आला तेव्हा टीम 7-6 अशी लंगडत होती, लुइझियाना-मनरोसारख्या लहान टीमकडूनही हरली. पुढच्या वर्षी ज्युलिओ जोन्स, मार्क इंग्रम वगैरे पोरं आली, 2009 चं विजेतेपद आलं, आणि अलाबामात त्याची एकूण सहा विजेतेपदं झाली. म्हणजे ज्या टॅलेंटच्या नावाने साबानचं श्रेय काढून घेताय, ते गोळा केलं कोणी?

बरं, गोळा केलेलं टॅलेंट वापरायचं कसं? जानेवारी 2018, जॉर्जियाविरुद्ध फायनल, हाफटाइमला अलाबामा 0-13 ने मागे. साबानने दोन वर्षं टीमला फायनलला नेणाऱ्या क्वार्टरबॅकला (पास फेकून हल्ला चालवणारा खेळाडू), जेलन हर्ट्सला, बसवलं आणि पहिल्या वर्षाच्या टुआ टागोवायलोआला उतरवलं. ओव्हरटाइममध्ये टुआ आधी सॅक होऊन (पास फेकण्याआधीच पाडला जाऊन) 16 यार्ड मागे गेला, आणि पुढच्याच चेंडूला डेव्होंटा स्मिथला 41 यार्डांचा पास देऊन त्याने सामना 26-23 असा संपवला. टॅलेंट दोघांकडे होतं. हर्ट्सला बसवायची छाती मात्र कोचची.

तिसरा मुद्दा, पैसा आणि ट्रान्सफर पोर्टल (टीम बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी). 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर (जाहिराती वगैरेंतून) कमाई करता येते, टीम बदलणंही सोपं झालंय. हे कबूल. पण इंडियानाकडे बघा. पराभवांच्या इतिहासासाठीच ओळखली जाणारी ही टीम 2023 मध्ये 3-9 होती. कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन युनिव्हर्सिटीहून आला, येताना तिथली पोरं घेऊन आला. त्यांना हायस्कुलात कोणी फारसं विचारलंही नव्हतं. 2024 ला 11-2. 2025 ला 16-0, आणि फायनलमध्ये मायामीला 27-21 ने हरवून विजेतेपद. पैसा इंडियानानेही ओतला, पण त्यांच्याहून जास्त स्टार बाळगणाऱ्या अलाबामा, ओहायो स्टेट, ओरेगन या टीम त्याच सीझनला त्यांच्याकडूनच हरल्या.

क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझाचं उदाहरण तर फारच बोलकं. मूळचा मायामीचा पोरगा, हायस्कुलात असताना येलला जायचं ठरवलं होतं, मग कॅलला (कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटी, बर्कली) गेला. तिथे 2024 ला टीम जेमतेम निम्मे सामने जिंकली. तोच पोरगा सिग्नेटीच्या हाताखाली एका वर्षात हाइझमन (कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) जिंकून गेला, आणि फायनलमध्ये चौथ्या डाउनवर, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, सिग्नेटीने त्याच्याच धावण्यावर भरवसा टाकला तेव्हा अंगावर येणाऱ्यांना झुगारत त्याने 12 यार्डांचं टचडाउन काढलं.