ती बिननावाची पार्टिशनं उडवू नका

वहिनींचं नाशिकला सिडकोत टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे. नवा लॅपटॉप आला आणि लगेच एक फॉरवर्ड मला पाठवून त्यांनी विचारलं, "भाऊजी, हे करून टाकू का?" तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही आहे, वर 'दुकानदार हे सांगणार नाही' असा मथळा. त्याचं म्हणणं असं: 512 जीबीतले 36 जीबी कंपनी खाते, बिननावाची छोटी पार्टिशनं (डिस्कचे वेगळे पाडलेले भाग) उडवून जागा परत मिळवा, सी ड्राइव्हला 50 जीबी पुरे, त्यासाठी सी लहान करायच्या 'श्रिंक'च्या चौकटीत 50000 टाका, सुटलेल्या जागेत डी ड्राइव्ह करा, डीमधला डेटा कधीच जात नाही.

36 जीबी कोणी खाल्लेले नाहीत. डिस्कवाले 1 जीबी म्हणजे 100 कोटी बाइट धरतात, विंडोज 1024 च्या पटीत मोजतं. म्हणून 512 चे 476 दिसतात. दोघंही 'जीबी'च लिहितात, त्यामुळे माणूस गोंधळतो, एवढं मान्य.

खरा संताप दुसऱ्या मुद्द्याचा. ही पार्टिशनं विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मध्ये उजव्या क्लिकने डिलीट होतच नाहीत, म्हणून या महाशयांनी डिस्कपार्ट या टाइप करून चालवायच्या साधनातली, अडवणूक मोडणारी 'ओव्हरराइड'ची कमांडही दिलीय! विंडोज हात धरतंय, तो झटकून पुढे जा म्हणे. त्यातलं ईएफआयचं पार्टिशन, म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या फायलींचं, शे-दोनशे एमबीचं. ते गेलं की पुढच्या वेळी लॅपटॉप चालूच होणार नाही. आणखी एक, विंडोजने स्वतःसाठी राखलेलं, फक्त 16 एमबीचं असतं. तेवढ्यात मोबाइलचे चार-पाच फोटो मावतील.

बिघडलेलं विंडोज दुरुस्त करायचं रिकव्हरीचं पार्टिशन तरी फालतू असेल? जानेवारी 2024 मध्ये मायक्रोसॉफ्टने डिस्कला कुलूप लावणाऱ्या बिटलॉकरमधली फट बुजवायला विंडोज 10 साठी केबी5034441 हा अपडेट सोडला. तो कित्येकांच्या मशीनवर अडकला, कारण रिकव्हरी पार्टिशन लहान पडलं. त्यावर मायक्रोसॉफ्टने सपोर्टच्या पानावर दिलेला उपाय काय? सीमधून 250 एमबी काढा आणि ते पार्टिशन मोठं करा. बनवणारा जागा वाढवायला सांगतोय आणि हे उडवायला निघालेत.

आता ते 50 जीबी. विंडोज 11 ला किमान 64 जीबीची डिस्क लागते, तिथेच विषय संपला. शिवाय श्रिंकच्या चौकटीत सीला किती ठेवायचं ते नव्हे, सीमधून किती काढायचं ते टाकतात, तेही एमबीत. म्हणजे 50000 टाकले की सी जवळपास तसाच राहणार आणि डी होणार 48.8 जीबीचा. चुकीचा सल्ला चुकीच्या आकड्याने वाचला! डीला 256 जीबी द्यायचे तर 256 गुणिले 1024, म्हणजे 262144 टाका. सीला हात सैल ठेवा, कारण तो नंतर वाढवायचा तर लगत उजवीकडे मोकळी जागा लागते आणि तिथे डी बसलेला असतो. मग वाढवायचा 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा पर्याय फिकटच दिसतो, दाबता येत नाही.

डीचं म्हणाल तर विंडोज नव्याने टाकताना फक्त सी फॉरमॅट केला तर डी वाचतो, हे खरं. पण डिस्क एकच आहे. ती बंद पडली की दोन्ही गेले. गिऱ्हाइकांच्या फायलींची कॉपी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि ती लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका.