उकळी फुटायच्या आधीच घड्याळ सुरू!

हवं तेवढं खा म्हणे! ९० मिनिटांत? आणि ती ९० मिनिटं मोजायला लागतात कधी, तर आपण बूड टेकलं की लगेच. शाबू-शाबू म्हणजे टेबलावरच्या उकळत्या पाण्यात मांस-भाज्या शिजवून खायच्या, आणि ताबेहोदाई म्हणजे ठरावीक पैशांत हवं तेवढं खा. तोक्योतल्या या शाबू-शाबूच्या ताबेहोदाई हॉटेलांनी डोक्याला नुसता ताप दिलाय.

अहो, पातेलं समोर येतं तेव्हा त्यात गार पाणी आणि कोंबूचा, म्हणजे सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा, एक तुकडा, बस्स. उकळी यायलाच मरणाचा वेळ. मांसाचे काप कागदासारखे पातळ. चॉपस्टिकमध्ये धरून दोन-चार हेलकावे दिले की शिजले, पोन्झूत, म्हणजे आंबट सोया सॉसमध्ये, बुडवले की संपले. चौघांत एक प्लेट मिनिटभर टिकत नाही. पुढची मागवावी तर टॅब्लेट सांगतो, एका वेळी इतक्याच. मग बसा वाट बघत! कोबीचा लगदा होतो, वर करडा फेस साचतो, तो जाळीच्या पळीने काढत राहायचं, आणि स्क्रीनवर वेळ उतरतोच आहे. आधीच भरपूर मागवून ठेवावं, तर उरलं की त्याचे वेगळे पैसे.

वर एका टेबलावर सगळ्यांनी एकच कोर्स घ्यायचा. बायको मांसाला हात लावत नाही. तिने कोबी, तोफू नि एनोकी मशरूम खायचं आणि पैसे वाग्यूचे, त्या महागड्या जपानी बीफचे, भरायचे? का म्हणून? दोन खणांचं पातेलं देतात, उपकारच; पण पोन्झूतही बहुतेकदा मासळीचा अर्क असतोच. म्हणजे तिने नुसतं मीठ लावून खायचं.

सगळ्यात संताप येतो तो लास्ट ऑर्डरचा. २०-३० मिनिटं आधीच दार बंद! या जेवणाची खरी मजा शेवटी असते. मांस, मशरूम, भाज्या, सगळ्यांचा रस त्या पाण्यात उतरलेला असतो, त्यात भात आणि अंडं घालून झोसुई, म्हणजे पातळ मऊ भात, करायची, नाहीतर उदोन, म्हणजे जाड नूडल्स, सोडायचे. तेच मागवायला जावं तर स्क्रीन म्हणते, वेळ संपली. एवढं सुंदर पाणी तसंच टाकून उठायचं!

याच देशात थंडीत घरोघरी नाबे, म्हणजे असंच टेबलावर शिजवायचं जेवण, मांडतात, मधे पातेलं, भोवती सगळे, तासन्‌तास गप्पा. तुम्हाला टेबल लवकर मोकळं हवंय ना? मग प्लेटी पटापट आणा. आणि ते घड्याळ उकळी फुटल्यावर सुरू करा, पूर्ण पैसे घेता ना आमच्याकडून!