माजी सैनिकांचा सत्कार म्हणजे नुसता देखावा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. शाळाशाळांमधून दरवर्षी माजी सैनिकांचा सन्मान होतो त्यावरच्या लेखाखाली तुम्ही बरंच कडक लिहिलंय, म्हणून सविस्तर उत्तर देतेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की हा सगळा फोटोपुरता कार्यक्रम असतो, त्यापेक्षा त्यांच्या पेन्शनचं आणि औषधपाण्याचं बघा, आणि पोरांना यात ओढून आपण त्यांच्या डोक्यात युद्धाचं वेड घालतोय.

पेन्शनपासून सुरुवात करते कारण तिथे मला तुमचं अजिबात पटलेलं नाही. पैसा की मानपान असं भांडण तुम्ही लावताय, पण सैनिकांच्या नावाने पाळायचे यातले कितीतरी दिवस सुरूच झाले ते पैसे जमवायला! आपल्याकडे 1949 पासून 7 डिसेंबरला ध्वजदिन पाळतात, तो छातीवर लावायचा छोटासा झेंडा म्हणजे वर्गणीची पावतीच, ते पैसे माजी सैनिक, जखमी जवान आणि शहिदांच्या कुटुंबांसाठी. ब्रिटनमध्ये 1921 पासून छातीवर लावायची लाल पॉपीची कृत्रिम फुलं विकायला लागले तेही याचसाठी आणि पुढच्याच वर्षी ती फुलं बनवायचा कारखाना निघाला, त्यात कामाला कोण तर युद्धात अपंग झालेले सैनिक. म्हणजे वर्गणीचा डबा घेऊन फिरणाऱ्या पोराला निदान एवढं कळत होतं की युद्ध संपलं तरी कुणाचातरी खर्च चालूच आहे. आता झेंडा लावून सेल्फी काढतात आणि डबा विसरतात, त्यावर तुम्ही चिडलात तर मी तुमच्या बाजूने.

देखाव्याचं म्हणाल तर हो, असतोच पुष्कळ ठिकाणी. म्हातारा माणूस दोन तास स्टेजवर, भाषण दुसऱ्याचंच, मुलं उन्हात, आणि शेवटी हार घालून फोटो. पण मला वाटतं घोळ वेगळाच आहे, गेलेल्यांची आठवण आणि हयात असलेल्यांचा मान या दोन गोष्टी आपण एकाच साच्यात बसवतो. अमेरिकेत यासाठी दोन वेगळे दिवस आहेत, मे महिन्यातला मेमोरियल डे गेलेल्यांचा आणि 11 नोव्हेंबर हा सेवा केलेल्या सगळ्यांचा. तो 11 नोव्हेंबरही आधी पहिल्या महायुद्धाच्या युद्धबंदीचा दिवस होता, 1954 मध्ये नाव बदलून व्हेटरन्स डे केला. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहणं गेलेल्यांसाठी ठीक आहे हो, पण समोर खुर्चीत जिवंत माणूस बसलाय त्याच्यापुढे गप्प उभं राहून काय उपयोग, त्याच्याशी बोलायला नको?

आणि गेलेल्यांसाठीही पोरांना नुसतं रांगेत उभं करायची गरज नसते. नेदरलँड्समधलं ऊस्टरबेक बघा. सप्टेंबर 1944 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, शेजारच्या आर्नम शहरातला पूल घ्यायला त्या परिसरात ब्रिटिश आणि पोलिश सैनिक विमानांतून उतरले, पूल काही ताब्यात राहिला नाही, गावाची मात्र वाताहत झाली आणि लोकांना घरंदारं सोडून जावं लागलं. तरी 1945 पासून दर सप्टेंबरला तिथल्या शाळेतली मुलं त्या लढाईत गेलेल्या सैनिकांच्या दफनभूमीत जातात. एकेक मूल एकेका थडग्याशी हातात फुलं घेऊन उभं राहतं आणि खूण झाली की सगळी एकदम वाकून फुलं ठेवतात. त्या मुलाच्या वाट्याला तेव्हा अख्खं युद्ध नसतं, एक नाव असतं आणि बहुतेक वेळा खाली वय, एकोणीस, बावीस असं. 1969 च्या सुमाराला तिथे लढलेल्या ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटकडूनच सुचवलं गेलं की पंचवीस वर्षं झाली, आता थांबवूया, तर गावकरी म्हणाले छे, चालूच ठेवायचं. हरलेल्या लढाईची आठवण इतकी वर्षं जपणारे हे लोक, यांना युद्धाचं वेड लागलंय असं म्हणवत नाही मला.

हां, ते वेड लागू शकतं हे मात्र खरं. पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला, ‘तुम्ही किती जणांना मारलं?’ आणि हॉलमध्ये खसखस पिकते, ते आजोबा कसनुसं हसतात आणि बाई पटकन माईक काढून घेतात. दोष पोराचा नाहीच, त्याला दुसरं काय विचारायचं हे कुणी सांगितलेलंच नसतं. आदल्या आठवड्यात वर्गात प्रश्न काढून घ्या की, पत्र किती दिवसांनी यायचं, झोप लागायची का, सुट्टीवर घरी आल्यावर काय विचित्र वाटायचं, सोबतचे आता कुठे आहेत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने 2000 पासून माजी सैनिकांच्या मुलाखती जमवायला घेतल्यात, त्यात दहावी आणि पुढची मुलंसुद्धा मुलाखत घेऊन पाठवू शकतात, अट अशी की ती कमीत कमी तीस मिनिटांची हवी. तीस मिनिटं म्हणजे शौर्याची ठरलेली गोष्ट दहा मिनिटांत संपते आणि मग माणूस खरं बोलायला लागतो. कुणाला बोलायचंच नसेल, गर्दी नको असेल, फटाक्यांचा त्रास होत असेल तर त्यांना स्टेजवर ओढू नये, हे वेगळं सांगायला नको खरं तर, पण सांगावं लागतं.

तुम्ही शेवटी लिहिलंय की पुढच्या वर्षी मुलाला त्या दिवशी घरीच ठेवणार. तुमची मर्जी. पण त्याआधी शाळेला एवढं विचारून बघा की कार्यक्रमात मुलांना प्रश्न विचारायला वेळ ठेवलाय का आणि पाहुण्यांना तो कार्यक्रम कसा हवाय हे कुणी त्यांना विचारलंय का. दोन्हीचं उत्तर नाही असं आलं तर ठेवा घरी, मी काही बोलणार नाही.