सोलरच्या बॅटरीबाबत खुलासा

‘दुपारी मीटरवर 13 व्होल्टच्या वर आकडा दिसला म्हणजे 12 व्होल्टची बॅटरी पूर्ण भरली, तरीही रात्री दिवे विझत असतील तर बॅटरी बाद झाली, ती बदला किंवा तिच्यात ॲसिड घाला’ असा सल्ला सध्या फिरत आहे. तो चुकीचा असून त्यामुळे लोकांचा मोठा खर्च विनाकारण होतो.

पॅनेलमधून करंट येत असताना दिसणारा व्होल्टेज हा चार्जिंगचा असतो, बॅटरीत साठलेल्या विजेचा नव्हे. लेड-ॲसिड बॅटरी चार्जिंग व लोड दोन्ही तोडून काही तास तशीच ठेवावी आणि मग मोजावे: सुमारे 12.7 व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, 12.2 च्या आसपास म्हणजे जेमतेम निम्मी. त्याहून खात्रीचे साधन हायड्रोमीटर, म्हणजे बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी. सगळेच सेल (बॅटरीतले कप्पे) सारखे उतरलेले असतील तर बॅटरी बहुधा केवळ उपाशी आहे, म्हणजे तिला पुरेसे चार्जिंग मिळत नाही. एकच सेल बराच मागे असेल तर मात्र तिच्यातच दोष असण्याची शक्यता जास्त.

उपाशी राहण्याची कारणे बहुतेक वेळा बॅटरीबाहेर सापडतात. पॅनेलवरची धूळ, टाकीची सावली, लांबवर ओढलेली बारीक वायर, पांढरी-हिरवी बुरशी धरलेले टर्मिनल किंवा कंट्रोलरमध्ये (पॅनेलमधून बॅटरीला होणारे चार्जिंग सांभाळणारे यंत्र) बॅटरीचा प्रकार चुकीचा निवडलेला असणे, हे आधी तपासावे.

ॲसिड मात्र कदापि घालू नये. बॅटरीतल्या द्रवाची पातळी कमी असल्यास फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. अर्धवट चार्ज होऊन दीर्घकाळ पडून राहिलेल्या प्लेटांवर सल्फेटचा कठीण थर बसतो, म्हणून ही तपासणी लांबणीवर टाकू नये.